परळच्या मैदानावरची दोन बलूनं

आबा,

परवा वर्तमानपत्रात वाचलं की विलायतेत सरकारला लढाईसाठी नव्या जातीचं विमान हवं आहे आणि त्याचा नमुना कोण चांगला करतो यावरून दोन मोठ्या कंपन्यांत चुरस लागली आहे. ज्याचं विमान जास्त वेगाने आणि जास्त उंच जाईल, त्याला सरकारचं काम मिळणार. बातमी चार ओळींची होती. ती वाचून मी कागद पुढे ओढला आणि हे लिहायला बसलो. तुम्ही विमान पाहिलंच नाही. तुम्ही होतात तोवर तो शब्द फक्त कीर्तनात ऐकू यायचा. आपल्या वाट्याला आलं ते बलून. गॅसने फुगवलेलं, खाली करंडी टांगलेलं, तारेने जमिनीला बांधलेलं. त्याच्या पायी आपल्या घरात जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

तुम्ही माझगावला शेटजींच्या शिडांच्या कारखान्यात मिस्त्री होतात. गिरगावातल्या आपल्या चाळीतून सकाळी चालत निघायचात, खांद्यावर शिडाच्याच कापडाची पिशवी, तिच्यात दाभणं, मेणाचा गोळा, तळहाताला बांधायची चामड्याची पट्टी आणि ती लाकडाची अणकुचीदार खुंटी, जिने तुम्ही दोराचे पेड उलगडायचात. दोर दिसला की तुमचा हात आपोआप तिकडे जायचा. विहिरीचा दोर, शेजाऱ्यांच्या बाळाच्या पाळण्याचा दोर, ट्रामच्या घोड्याचा लगामसुद्धा. दोन बोटांत धरून जरा पिळायचा आणि मान हलवायची. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. तुमच्या हाताखाली बावीस माणसं होती, बहुतेक आपल्याच बाजूची, मालवण-देवगडकडची. त्यांतली निम्मी तर कारखान्याच्या माळ्यावरच राहायची. पण बंदरात आगबोटी वाढत चालल्या होत्या आणि आगबोटीला शीड लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस तुमची माणसं रिकामी बसू लागली. तुम्ही घरी येऊन सांगायचात, आज तंबूची पालं शिवली, आज गोण्या शिवल्या, आणि हे सांगताना तुम्ही हाताकडे बघत राहायचात.

मी मात्र शाळा शिकलो, मग भायखळ्याला नकाशे काढायचं शिक्षण घेतलं आणि साहेब लोकांच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. ही कंपनी तंबू, होड्यांचं सामान, पुलांचे सांगाडे असलं काहीबाही बनवायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला जाड कापडाची एक लांबट गुंडाळी शिवून दिलीत, आतून मेण लावलेली. "पावसात कागद भिजता कामा नये," असं म्हणालात. मुद्दाम पुस्तकी भाषेत म्हणालात, मला अजून आठवतं. साहेबांच्या कंपनीत लागलेल्या मुलाशी मालवणीत बोलू नये असं तुम्हाला त्या एका सकाळी वाटलं असावं.

मग प्लेगच्या दोन-तीन वर्षं आधी ती सरकारी सूचना निघाली. विलायतेहून पलटणीसाठी आणलेलं बलून इथल्या उन्हात ठेवल्या ठेवल्या चिकटून गेलं होतं. सरकारला आता इथल्या हवेत टिकेल असं बलून हवं होतं. शत्रूची फौज कुठे आहे ते वरून बघता यावं, तोफांना नेम सांगता यावा, यासाठी. ज्या कारखान्यांना जमेल त्यांनी आपापला नमुना करून परळच्या मैदानावर उडवून दाखवावा. शेवटी दोनच कारखाने उरले, तुमच्या शेटजींचा आणि माझ्या साहेबांचा. शेटजींनी तुम्हाला बोलावून सांगितलं की मिस्त्री, हे काम मिळालं तर कारखाना दहा वर्षं चालेल, नाही मिळालं तर मी कुलूप लावतो. माझ्या साहेबाने मला बोलावलं आणि जाळ्याचा नकाशा माझ्याकडे दिला. बलूनच्या गोळ्यावरून एक दोरांचं जाळं टाकायचं, त्याचे आठ मुख्य दोर खाली एका लाकडी कड्याला येऊन मिळायचे आणि त्या कड्याला माणूस बसायची करंडी. "वजन वाचव, तोळा तोळा वाचव," एवढंच साहेब म्हणाला. मी बावीस वर्षांचा होतो. मला वाटलं, आभाळच माझ्या हाती दिलं.

त्या चार-पाच महिन्यांत आपलं स्वयंपाकघर कसं होतं ते आठवतं का? तुमचं बलून सुती कापडाचं, आमचं रेशमाचं, पण दोन्हींवर चढवायचं ते जवसाचं उकळलेलं तेल एकच. आपण दोघं घरी आलो की दोघांच्या अंगाला तोच वास. आई नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "एकाच घाण्यातसून दोगव भायर पडल्यासारखे दिसतंत." दोघांनाही आपापल्या कारखान्यात तंबी होती की बाहेर अक्षर बोलायचं नाही. एका पातेल्यातला भात वाढून घेणाऱ्या दोन माणसांनी काय बोलायचं मग? पहिले काही दिवस आपण बांगड्याच्या कालवणावर बोललो. मग एकदा मी सहज म्हणालो की सुती कापड कितीही चांगलं असलं तरी जडच, आणि तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. आईने पळी आपटली. "पानार बसल्यार बलूनाचा नाव काडूचा नाय. दोगांनीय." त्या दिवसापासून तो नियमच झाला.

नियम एकदाच मोडला, तोही तुम्ही. जेवणं झाली होती, आई पाण्याला गेली होती. तुम्ही सुपारी कातरत होतात. खाली बघतच विचारलंत, "तुमच्या जाळ्याचे दोर कड्याक कशे लावतंत? इणून काय गाठ मारून?" मी अगदी साहेबाच्या थाटात म्हणालो, "ते सांगता यायचं नाही, आबा." तुमचा अडकित्ता थांबला. तुमचा चेहरा असा झाला की जणू मी तुम्हाला कुणाच्या तरी पेटीत हात घालताना पकडलं आहे. "माझाच चुकला," तुम्ही म्हणालात. "मियां ता इचारूक नको व्हतां." माझ्या बापाने माझी माफी मागितली आणि मी ती घेतली. आमच्याकडे दोर विणून लावणारा माणूसच नव्हता. माझ्या नकाशात गाठ होती. गाठ मारायची आणि तिच्यावर सुतळीचे वेढे द्यायचे. वजनही कमी आणि वेळही कमी. साहेबाने त्या नकाशावर खुशीने सही केली होती. मला वाटलं होतं, तुम्ही आमची युक्ती काढून घ्यायला विचारताय.

चाचणीचा दिवस थंडीतला होता, सकाळी धुकं होतं. रस्त्यावरच्या दिव्यांचा गॅस जिथून यायचा तिथून मैदानापर्यंत नळ टाकले होते. एका टोकाला तुमचं बलून, दुसऱ्या टोकाला आमचं, मध्ये पलटणीच्या अंमलदारांचे तंबू. दोरखंडाबाहेर ही गर्दी. गिरण्यांतली रात्रपाळी सुटलेली माणसं कापूस झटकत तशीच आली होती, लालबागच्या बायका मुलं कडेवर घेऊन उभ्या होत्या. विडी पेटवायची बंदी होती आणि शिपाई ओरडत फिरत होते. आधी तुमचं बलून गेलं. पिवळट, जाडजूड, तुमच्या माणसांनी तारेचा रहाट सोडला तसं ते सावकाश वर चढलं. दोर असे ताठ होते की हलणारं काही नव्हतंच. पण ते मोठ्या झाडांच्या दीडपट उंचीवर जाऊन थांबलं. आणखी जाईना. करंडीतला शिपाई खाली उतरल्यावर अंमलदारांनी कागदावर काही लिहिलं आणि शेटजी उगीच हसले. तुमच्या माणसांकडे मी पाहिलं नाही. आमचं बलून किती हलकं आहे ते मला ठाऊक होतं.

आमच्या बलूनमध्ये गॅस भरायला सुरुवात झाली होती. ते अर्धं फुगलं, कड्याला वाळूच्या पिशव्या अडकवून ते खाली धरून ठेवलं होतं. अजून दोन तास लागणार होते, म्हणून साहेब अंमलदारांबरोबर तंबूत खाणं घ्यायला गेला आणि मला तिथे उभं केलं; आमची बाकीची माणसं लांब, नळाच्या तोंडाशी होती. करंडीपाशी वर जाणारा शिपाई बसला होता, दापोलीकडचा, माझ्याच वयाचा, किडकिडीत. वजनासाठीच त्याला निवडला होता. तंबाखू मळत तो मला सांगत होता की त्याला मुलगी झाली आहे आणि त्याने अजून तिला पाहिलेलं नाही. आणि मी वर पाहतो तर तुम्ही मैदान ओलांडून येत आहात. डोक्याला पागोटं, खांद्याला ती पिशवी. सगळ्यांच्या देखत.

मी पुढे धावलो. "आबा, इकडे येऊ नका. काय म्हणतील लोक?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत. कड्याशी गेलात, वाकलात आणि एका दोराला दोन बोटं लावलीत. "गाठ सरकता आसा," तुम्ही म्हणालात. "थंयसून कडां वाकडां दिसलां माका."

मी पाहिलं. सुतळीच्या वेढ्यांतून दोराचं टोक बोटभर आत ओढलं गेलं होतं. दुसऱ्या दोराचंही. अजून माणूस बसला नव्हता, अजून बलून भरलं नव्हतं.

"ह्यो दोर नवो, गुळगुळीत," तुम्ही म्हणालात. "पुरो भार इलो की सुटतलो. एक सुटलो की बाकीचे धरूचे नाय." मग हळूच, "ह्यां कोणी काढलां?"

"मी," मी म्हणालो.

तुम्ही दोरावरची बोटं काढून घेतलीत. रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. "सायबाक सांग," एवढंच म्हणालात.

"सांगितलं तर आजची चाचणी गेली. आमच्याकडे विणणारा कोणी नाही. काम तुमच्या शेटजींना जाईल."

हे मी काय बोललो ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तुम्हाला ते माझ्या आधी कळलं होतं. मैदानाच्या त्या टोकाला तुमची बावीस माणसं ओळीने बसली होती आणि सगळी इकडेच बघत होती. तुम्ही एकदा तिकडे पाहिलंत. मग दापोलीच्या त्या शिपायाकडे पाहिलंत. तो तंबाखू मळायचा थांबला होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "वर जानार मी हाय. काय ते नीट बांधा बगा."

"म्हणानच इलंय," तुम्ही म्हणालात आणि मांडी घालून खाली बसलात. "किती येळ आसा?"

"दोन तास."

"पुरे. एकेक सोडवया. बाकीचे सात धरतले. तू पिशये सांभाळ."

आबा, तो दीड तास मी आयुष्यात विसरलेलो नाही. तुम्ही एक गाठ सोडवायचात, दोराचे पेड उलगडायचात, कड्याच्या खाचेतून ओढून घ्यायचात आणि खुंटीने वाट करत ते पेड त्याच दोराच्या अंगात परत विणत जायचात. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. ओढून बघायचं, पुढचा. तुमच्या करंगळीला चीर पडली आणि रक्त दोराला लागलं, ते तुम्ही धोतराच्या सोग्याने पुसलंत. मी पिशव्या एका दोरावरून दुसऱ्या दोरावर हलवत होतो. तो शिपाई सुटलेली टोकं धरत होता आणि मध्येच म्हणाला, "आमच्या बाच्या होडीला असंच विनलेलं व्हतं." तुम्ही त्याला विचारलंत, होडी कुठली, नाखवा कोण, कुठल्या बंदरात लागते. दोघं असे बोलत होतात की तिथे सरकार नव्हतं, चाचणी नव्हती, मी नव्हतो. आठवा दोर झाला तेव्हा बलून आमच्या डोक्यावर पुरतं फुगलं होतं आणि त्याची सावली आपल्या तिघांवर पडली होती.

साहेब आला तेव्हा तुम्ही पाच-सहा पावलं बाजूला होऊन हात पुसत उभे होतात. साहेबाने कडं पाहिलं. तो आधी जहाजावर काम केलेला माणूस होता, त्याला ते काम काय आहे ते लगेच कळलं. एकेका सांध्यावरून त्याने अंगठा फिरवला. मग सरळ उभा राहून इंग्रजीत विचारलं, हे कोणी केलं?

मी म्हणालो, "मी, साहेब."

इंग्रजीत म्हणालो. पण बंदरावर उभा जन्म घालवलेल्या माणसाला एवढं इंग्रजी कळत होतं. साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दापोलीच्या शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं, मग तो करंडीत चढून बसला. तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत आणि मैदान ओलांडून आपल्या माणसांकडे परत गेलात. मी तुमची पाठ पाहत राहिलो. अजूनही वेळ होती. हाक मारता आली असती.

आमचं बलून सुटलं ते बघता बघता लहान झालं. वर गेल्यावर समुद्राकडून वाऱ्याचा एक झोत आला, बलून तिरकं झालं, तार कडकडली आणि गर्दीतून एकच आवाज निघाला. आठही दोर ताणले गेले आणि तसेच राहिले. एकही सूतभर हलला नाही. शिपाई खाली आला. त्याने अंमलदारांना सलाम केला आणि वरून काय काय दिसलं ते सांगितलं, शिवडीची खाडी, हार्बरातली जहाजं, गिरण्यांची धुराडी. उतरून जाताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

काम आमच्या कंपनीला मिळालं. साहेबाने मला बढती दिली. आईने चाळीत पेढे वाटले. दारोदार जाऊन ती सांगत होती की ऐन वेळी गाठी सुटत होत्या, माझ्या झिलाने स्वतःच्या हाताने दोर विणले आणि सगळं निभावलं. हे तिला मी सांगितलं होतं. तुम्ही घरातच होतात. तिने तुमच्या हातावर पेढा ठेवला आणि तुम्ही तो खाल्लात.

तुम्हाला शेटजींनी त्याच आठवड्यात काढलं. कारखाना पावसाळ्यापर्यंत रडतखडत चालला आणि मग खरंच कुलूप लागलं. तुमची माणसं पांगली, काही गावी गेली, बरीचशी परळ-लालबागच्या गिरण्यांत शिरली. एका रविवारी दुपारी तुमचा तो जुना जोडीदार, तुमच्याच गावचा, दोघं एकाच गलबतातून मुंबईला आला होतात, तो आपल्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आईने पाट दिला, तो बसला नाही. "बावीस जणांच्या पोटार पाय दिलंस," तो तुम्हाला म्हणाला. "आपल्या झिलाचा बलून वर जावक व्हया म्हणान. आमका काय दिसला नाय? सगळ्यांनी बघितला, तू थंय बसान काय करी होतंस ता."

आई म्हणाली, "ह्ये थंय बसले व्हते? ते कित्याक बसतीत?"

तुम्ही म्हणालात, "पोरग्याक बघूक गेल्लंय."

मी तिथेच होतो, खिडकीशी, कागद पसरून. दुसऱ्यांदा तोंड उघडायची वेळ आली होती. तो माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तो गेला आणि पुन्हा कधी आपल्या घरी आला नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचं आवतण चाळीतल्या सगळ्यांना आलं, आपल्याला आलं नाही. तुम्ही त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून बसला होतात, मला वाटतं, उशिरा का होईना कोणी बोलवायला येईल म्हणून.

मग तुम्ही वरळीच्या कोळीवाड्यात जाऊ लागलात, कोळ्यांच्या होड्यांची लहान शिडं शिवायला. मी एका सुट्टीच्या दिवशी तिथे तुम्हाला शोधत आलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून वाट काढत आलो तर तुम्ही एका उलट्या होडीला टेकून बसला होतात, मांडीवर कापड, तोंडात दोरा. एक म्हातारी कोळीण शेजारी सुकटाची टोपली निवडत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मिस्त्री, ह्यो तुमचा पोर काय? त्यो बलूनवाला?"

"होय," तुम्ही म्हणालात. "त्योच."

ती उठून गेल्यावर मी म्हणालो, "आबा, तुम्ही ते माझ्यासाठी केलंत. मला ठाऊक आहे." किती दिवस ते वाक्य मी मनात घोळवत होतो. मला वाटत होतं, ते म्हटलं की काहीतरी मोकळं होईल.

तुम्ही दाभण कापडात खोचून ठेवलंत. "तुझ्यासाठी नाय," तुम्ही म्हणालात. "तू वर जाणार नव्हतंस, ह्यां माका म्हायत व्हतां. थंय तो दापोलीचो बसलो व्हतो."

 तुम्ही दोऱ्याला मेण लावलंत. मग म्हणालात, "सायबाक खोटां सांगलंस ता सांगलंस. खरां सांगलं असतंस तर ता बलून वर जावक दिला नसता. ता मियां समजान घेतलंय. पण आवशीक कित्याक फसवलंस? ती लोकांच्या दारात जावन सांगता. त्या पेढ्याचो घास माझ्या गळ्यासून खाली उतराक नाय." तुमचा आवाज चढला नव्हता. तुम्ही मला मारलं नाहीत कधी, रागे भरलात तेही बोटांवर मोजण्याइतकं. मी मान खाली घालून म्हणालो, "सांगतो आईला. आजच सांगतो." तुम्ही "बरां" म्हणालात आणि शिवायला लागलात. मी तुमच्याजवळ संध्याकाळपर्यंत बसलो. परत येताना वरळी ते गिरगाव आपण दोघं चालत आलो, तुम्ही मला वाटेत चण्याची पुडी घेऊन दिलीत.

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही पुन्हा एकदाही विचारलं नाहीत. मग प्लेग आला. चाळीतले लोक पटापट गावी निघाले. तुम्ही म्हणालात, कोळ्यांची चार शिडं हातात घेतली आहेत, ती पुरी करून जाऊ. ताप आला तो तीन दिवसांत तुम्हाला घेऊनच गेला. शुद्ध होती तोवर तुम्ही आईला काही सांगाल असं मला वाटत होतं आणि मला त्याची भीती वाटत होती. तुमच्या उशाशी बसून मला ती भीती वाटत होती, आबा. तुम्ही काही सांगितलं नाहीत. तिला फक्त म्हणालात, पोराला वेळेवर जेवायला घाल. आई त्यानंतर चौदा वर्षं होती. दादरला नवी घरं झाली तेव्हा मी तिला तिकडे नेलं. शेजारपाजारच्या बायकांना ती तीच गोष्ट सांगायची, दर वेळी थोडी वाढवून. मरायच्या आधीही माझा हात हातात घेऊन बोटं कुरवाळत ती म्हणाली, ह्याच हातांनी दोर विणले ना.

ज्या बलूनसाठी एवढं झालं ते पलटणीने पुढे किती वेळा उडवलं, मला माहीत नाही. काही वर्षांनी मी एका कामासाठी त्यांच्या गुदामात गेलो होतो तेव्हा ते घडी घालून पडलेलं होतं, रेशीम एकमेकांना चिकटलेलं. लढाईवर ते कधी गेलं नाही. तुमचे सांधे मी चाचपून पाहिले. ते शाबूत होते.

गेल्या महिन्यात मी कामावरून निवृत्त झालो. मोठा समारंभ केला त्यांनी. आताच्या मोठ्या साहेबाने भाषण केलं आणि परळच्या मैदानावरची ती हकीकत सांगितली, जशी कंपनीत इतकी वर्षं सांगितली जाते तशी. माझी बायको, मुलं, सुना पुढच्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या झाल्या. मी बोलायला उठलो आणि उठताना ठरवलं होतं की आज सांगायचं. उभा राहिलो, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो. चहाच्या वेळी दोरकामाचा मिस्त्री माझ्याजवळ आला, पिकल्या मिशांचा, कणकवलीकडचा माणूस. त्याने मुद्दाम हातभर दोर आणला होता. अगदी संकोचाने म्हणाला, "दादासाहेब, एकदा तुमच्या हातचा तो सांधा बघायचा होता. आम्ही आपले ऐकूनच आहोत." सगळे भोवती जमले. मी दोर हातात घेतला, दोन बोटांत धरून जरा पिळला आणि त्याला परत दिला. म्हणालो, आता वय झालं, बोटं आखडलीत.

हे पत्र मी घडी घालून ठेवतो आहे. पोरांपैकी कुणाच्या हाती लागावं की लागू नये, ते अजून माझं ठरत नाही. माझी बोटं काही आखडलेली नाहीत, आबा. मला तो सांधा कधी विणताच आला नाही.